एकच काम, अनेक भाषा: कोडचे तुकडे कुठे आणि कसे जपावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच आठवड्यात पायथन, जावास्क्रिप्ट, जावा, एसक्यूएल आणि शेल असं सगळं हाताळावं लागतं. उपयोगी तुकडे काही ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये, काही स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये, तर काही जुन्या प्रोजेक्टांत पडून आहेत. गरज पडली की यातलं काहीच सापडत नाही. मग प्रत्येक भाषेसाठी वेगळी वही करावी, की एखादं स्निपेट मॅनेजर, म्हणजे कोडचे तुकडे साठवणारं अ‍ॅप, विकत घ्यावं?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. एक खाजगी गिट रेपो (फाइली आणि त्यांतले सगळे बदल जपणारा संग्रह) करा, त्यात साध्या मजकुराच्या फाइली ठेवा आणि त्या फाइली भाषेनुसार न लावता कामानुसार लावा. ‘पायथन’, ‘जावा’, ‘एसक्यूएल’ असे फोल्डर बहुतेक जण करतात. सुरुवातीला ते नीटनेटके वाटतात, पण पुढे अडचण येते. आपल्याला तुकडा हवा असतो तेव्हा डोक्यात भाषा नसते, काम असतं: ‘एक्सेलमध्ये मराठी नीट दिसायला हवी’, ‘प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर काढायची आहे’, ‘रक्कम लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी छापायची आहे’. हे काम मागे एका भाषेत केलेलं असतं आणि आज दुसऱ्या भाषेत करायचं असतं. भाषेच्या फोल्डरमध्ये शोधलं तर मागचा अनुभव समोरच येत नाही, आणि त्या कामातले खाचखळगे नव्याने शिकावे लागतात.

सीएसव्हीचं, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर-तक्त्याचं, उदाहरण सविस्तर घेतो, कारण मराठी मजकूर असलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टात हे कधी ना कधी समोर येतं. सर्व्हरवरून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी साठवू शकणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, सीएसव्ही फाइल तयार होते. टेक्स्ट एडिटरमध्ये ती अगदी बरोबर दिसते. लेखा विभागातली व्यक्ती विंडोजवर त्या फाइलीवर डबल-क्लिक करते आणि नावांच्या जागी लॅटिन चिन्हांची रांग दिसते. फाइलीच्या सुरुवातीला बीओएम (बाइट ऑर्डर मार्क), म्हणजे ईएफ-बीबी-बीएफ हे तीन बाइट नसले की एक्सेल ती फाइल संगणकाच्या जुन्या कोड पेजमध्ये (मोजक्या अक्षरांपुरत्या जुन्या एन्कोडिंगमध्ये) आहे असं धरून उघडतं. उपाय एकच: ते तीन बाइट घालायचे. पण प्रत्येक भाषेत रस्ता वेगळा. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८-सिग द्यायचं, आणि सोबत न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्यायची, नाहीतर विंडोजवर दोन ओळींमध्ये एक रिकामी ओळ येते. पीएचपी आणि गोमध्ये मजकुराआधी ते तीन बाइट आपणच लिहायचे. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये ब्लॉब, म्हणजे मेमरीतली फाइल, बनवताना सुरुवातीला यू-एफईएफएफ हे अक्षर जोडायचं. जावातही तेच अक्षर, पण त्याआधी रायटरला कॅरेक्टर सेट स्पष्ट सांगायचा, कारण यूटीएफ-८ हा जावाचा सर्वत्र डिफॉल्ट झाला तो २०२२ मधल्या जावा १८ पासून.

पॉवरशेलची गोष्ट आणखी निराळी. विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत एक्स्पोर्ट-सीएसव्ही काही न सांगता आस्कीमध्ये (फक्त इंग्रजी अक्षरांच्या एन्कोडिंगमध्ये) लिहितं आणि सगळं देवनागरी थेट प्रश्नचिन्हांत जातं. तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं की बीओएम आपोआप येतो. पॉवरशेल ७ मध्ये तोच शब्द दिला तर बीओएम येत नाही, तिथे यूटीएफ-८-बीओएम असं वेगळं सांगावं लागतं. म्हणजे स्क्रिप्ट तीच आणि निकाल दोन.

आता हे सगळं सहा वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवलं असतं, तर एकेक ओळीचे सहा क्षुल्लक तुकडे दिसले असते. ‘एक्सेलसाठी-मराठी-सीएसव्ही’ या एकाच फाइलीत ते शेजारीशेजारी आले की तो त्या कामाचा पूर्ण नकाशा होतो. कोणतीही भाषा असो, लागू पडणाऱ्या बाबी त्याच फाइलीत वर लिहिता येतात. बीओएम असलेली फाइल परत वाचताना तो काढला नाही तर पहिल्या स्तंभाच्या नावाला एक अदृश्य अक्षर चिकटतं आणि ‘नाव’ हा स्तंभ सापडत नाही अशी तक्रार येते. पायथनमध्ये वाचतानाही यूटीएफ-८-सिग दिलं की बीओएम असो वा नसो, दोन्ही चालतं. जेसन या डेटा देवाणघेवाणीच्या साच्यात मात्र बीओएम घालायचा नाही. बँकेचे लांब खाते क्रमांक एक्सेल संख्या समजून उघडतं, सुरुवातीची शून्यं उडवतं आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं. एखाद्या रकान्यातला मजकूर बरोबर, अधिक, वजा किंवा अ‍ॅट या चिन्हाने सुरू होत असेल तर एक्सेल त्याला सूत्र समजू शकतं. तो मजकूर बाहेरच्या माणसाने फॉर्ममध्ये भरलेला असेल तर हा सुरक्षेचा प्रश्न होतो. ही माहिती कोणत्याच एका भाषेची नाही. भाषेनुसार लावलेल्या संग्रहात ती लिहायला जागाच नसते, म्हणून ती लिहिली जात नाही.

नोंदीत काय असावं याबद्दल माझा आग्रह आहे. कोड हा नोंदीचा सर्वात कमी मोलाचा भाग आहे. तो कुठेही मिळतो. जपायचं आहे ते त्याच्या भोवतीचं. पहिल्या ओळीत काम, आपण बोलताना जसं म्हणू तशा शब्दांत. त्याखाली शोधाचे शब्द, आणि ते भरपूर, मराठी-इंग्रजी दोन्ही. घाईत आपण ‘बाइट ऑर्डर मार्क’ शोधत नाही, ‘एक्सेल मराठी गडबड’ असं शोधतो. मग तेच शब्द फाइलीत हवेत. पडद्यावर येणारा एरर मेसेज जसाच्या तसा चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी हातात तेवढाच धागा असतो. मग भाषेची आणि लायब्ररीची आवृत्ती, कधी तपासलं ती तारीख, कुठून घेतलं तो दुवा. कोडनंतर एक खरं इनपुट आणि त्याचं आउटपुट. शेवटी ‘इथे फसतं’ असा मथळा आणि त्याखाली एक-दोन वाक्यं. हा मथळा रिकामा राहत असेल तर बहुतेक वेळा तो तुकडा जपण्याइतका महत्त्वाचा नसतो. एवढ्या एका कसोटीवर निम्मा पसारा कमी होतो.

‘इथे फसतं’ला एवढं महत्त्व का, हे अक्षरं मोजण्याच्या कामावरून नीट कळतं. ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? जावास्क्रिप्ट आणि पायथन ५ सांगतात, कारण काना आणि वेलांटी वेगळे कोड पॉइंट (युनिकोडमधले स्वतंत्र क्रमांक) आहेत. गो आणि रस्ट लेन विचारल्यावर १५ सांगतात, कारण ते बाइट मोजतात. स्विफ्टचा काउंट ३ सांगतो, कारण तो वाचकाला दिसणारी अक्षरं मोजतो. मायएसक्यूएलमध्ये लेंग्थ १५ देतं आणि कॅर-लेंग्थ ५ देतं. पोस्टग्रेसमध्ये मात्र लेंग्थच ५ देतं, आणि बाइट हवे असतील तर ऑक्टेट-लेंग्थ लागतं. यातलं कोणतंही उत्तर चूक नाही. एसएमएसचा खर्च काढायचा असेल तर जावास्क्रिप्टची मोजणी उपयोगी, कारण देवनागरी मेसेज यूसीएस-२ या दोन-दोन बाइटांच्या एन्कोडिंगमध्ये जातो आणि त्यात १६० ऐवजी ७० अक्षरं बसतात. लांब मेसेजचे तुकडे पडले तर प्रत्येकात ६७. फॉर्मवर ‘आणखी इतकी अक्षरं लिहा’ असं दाखवायचं असेल तर दिसणारी अक्षरं मोजायला हवीत, आणि जोडाक्षरांत तिथेही फरक पडतो. ‘क्ष’ हा एकच घटक धरावा असा नियम युनिकोडच्या विभाजनात २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून आला, त्यामुळे जुनी लायब्ररी त्याचे दोन तुकडे करते. ‘स्ट्रिंगची लांबी’ असा एका ओळीचा तुकडा जपला तर यातलं काहीही हाती लागणार नाही.

देवनागरी अंकांचंही असंच आहे, आणि सरकारी अर्ज किंवा शाळांच्या याद्या हाताळणाऱ्यांना हे हमखास भेटतं. कोणी वय ‘१२’ असं देवनागरीत भरलं तर पायथनचा इंट आणि जावाचा पार्स-इंट ते बिनतक्रार १२ धरतात. जावास्क्रिप्टचा नंबर ते नाकारून नॅन (‘संख्या नाही’) देतो, गोमध्ये एरर येते. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकांसाठीचा ‘उलटा तिरका दंड आणि डी’ पायथन ३ मध्ये आणि सी शार्पमध्ये देवनागरी अंकांनाही जुळतो, जावास्क्रिप्टमध्ये फक्त 0 ते 9 या इंग्रजी अंकांना. म्हणजे ब्राउझर अडवतो आणि सर्व्हर स्वीकारतो, किंवा सी शार्पमध्ये तपासणीत पास होऊन पुढच्या ओळीत संख्या करताना कोसळतं. दाखवण्याच्या बाजूला जावास्क्रिप्टचा इंटल-नंबर-फॉरमॅट फार छान काम करतो: ईएन-आयएन (भारतातलं इंग्रजी) दिलं की लाख-कोटींचे स्वल्पविराम इंग्रजी अंकांसह, एमआर-आयएन (मराठी) दिलं की थेट १२,३४,५६७. पायथनच्या एफ-स्ट्रिंगमधला स्वल्पविराम मात्र तीन-तीन अंकांचेच गट करतो. जावाच्या डेसिमल-फॉरमॅटला लाखाचा पॅटर्न दिला तरी तो फक्त शेवटचा गट मानतो आणि बाकी सगळीकडे तोच लावतो; तिथे आयसीयू ही युनिकोडची वेगळी लायब्ररी लागते.

शोधाची गंमत ‘वऱ्हाड’ या शब्दात आहे. यातला अर्धा र कोणी ऱ आणि हलन्त असा टाइप केलेला असतो, कोणी र, नुक्ता आणि हलन्त असा, कोणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह असा. डोळ्याला तिन्ही सारखे, डेटाबेसला तिन्ही वेगळे. एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे समान मजकूर एकाच रूपात आणण्याच्या युनिकोडच्या नियमाने, पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. तो बदल आपण हाताने करायचा. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट या तिन्हींत सामान्यीकरण सोबतच मिळतं, गोमध्ये वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. माझ्या मते मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या संग्रहात ही नोंद असायलाच हवी. ती तुम्हाला बाहेरच्या तयार संग्रहात सहज सापडणार नाही.

एसक्यूएलबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण ती नावाला एक भाषा आहे. ‘प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर’ हे काम घ्या. रो-नंबर (ओळींना क्रमांक देणारं फंक्शन) वापरून केलेली क्वेरी पोस्टग्रेसमध्ये चालते, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आणि एसक्यूलाइटमध्ये ३.२५ पासून चालते. पोस्टग्रेसमध्ये डिस्टिंक्ट-ऑनने (प्रत्येक गटातली पहिलीच ओळ ठेवून) तेच काम कमी ओळींत होतं. पण दोन ऑर्डरींची वेळ एकच असेल तर कोणती येईल याचा भरवसा नाही, म्हणून क्रमात वेळेनंतर आयडीही द्यायचा. शिवाय उतरत्या क्रमात पोस्टग्रेस नल (मूल्य नसलेल्या जागा) आधी ठेवतं, मायएसक्यूएल शेवटी. एखाद्या ऑर्डरीची तारीखच नसेल तर पोस्टग्रेसमध्ये तीच ‘शेवटची’ ठरते. एसक्यूएलच्या नोंदीवर डेटाबेसचं नाव आणि आवृत्ती नसेल तर ती नोंद वापरू नये इतकं मी यात कडक राहतो. आणि अपडेट किंवा डिलीट असलेली प्रत्येक क्वेरी जपताना बिगिन आणि रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) यांच्या मध्येच जपावी. पेस्ट करून एंटर दाबलं तरी काही बिघडणार नाही, बदल पक्के करणारं कमिट आपण जाणीवपूर्वक लिहायचं.

एडिटरमधल्या स्निपेटांचं स्थान लहान आहे. व्हीएस कोड, जेटब्रेन्सची लाइव्ह टेम्प्लेट्स, ईमॅक्समधलं यास्निपेट, व्हिममधलं अल्टीस्निप्स ही सगळी टंकलेखन वाचवण्याची साधनं आहेत. आद्याक्षरं लिहा, टॅब दाबा, सांगाडा उमटतो, आणि टॅब दाबत रिकाम्या जागा भरत जायच्या. टेस्टचा सांगाडा, लॉगिंगची ओळ, फाइलीच्या माथ्यावरचा परवाना, यासाठी ती उत्तम. व्हीएस कोडमध्ये प्रोजेक्टपुरती स्निपेट फाइल रेपोतच ठेवता येते, टीममध्ये ते फार सोयीचं पडतं. पण मुख्य संग्रह तिथे ठेवू नका. एकतर त्यात ‘इथे फसतं’ लिहायला जागा नसते. दुसरं म्हणजे प्रत्येक एडिटरचा साचा वेगळा: एकाचा जेसन, दुसऱ्याचा एक्सएमएल, तिसऱ्याचा आपलाच काही. अ‍ॅटम एडिटरची स्निपेटं सीएसओएन नावाच्या साच्यात असत. गिटहबने १५ डिसेंबर २०२२ ला अ‍ॅटम बंद केला आणि वापरणाऱ्यांना सगळं दुसरीकडे उतरवून घ्यावं लागलं. स्वतंत्र स्निपेट मॅनेजरबद्दलही माझी हीच हरकत आहे. ती दिसायला सुंदर असतात, पण कंपनी बंद पडली किंवा वर्गणी थांबली तर सामान बाहेर काढण्याची सोय आधी तपासलेली हवी. मार्कडाउनच्या साध्या मजकुराच्या फाइली आणि रिपग्रेपसारख्या साधनाने त्यांत केलेला शोध यांना असा धोका नाही. काही हजार फाइलींतही तो क्षणात उत्तर देतो.

शेलच्या कमांडसाठी पहिला संग्रह आधीच तुमच्याकडे आहे: हिस्टरी. बॅश हे शेल मुळात फक्त ५०० कमांड लक्षात ठेवतं. तो आकडा एक लाख करा, प्रत्येक कमांडला वेळेची नोंद लावा, आणि हिस्टअपेंड (जुन्या हिस्टरीत भर घालण्याचा पर्याय) चालू करा. नाहीतर अनेक टर्मिनल उघडी असताना जे शेवटी बंद होतं तेच फाइल पुसून आपली हिस्टरी लिहितं. लांबलचक कमांडच्या शेवटी हॅश देऊन दोन शब्द लिहायची सवय लावा, उदाहरणार्थ ‘जुने लॉग साफ’. शेल ते शब्द चालवत नाही, पण कंट्रोल-आर दाबून शोधताना ते सापडतात. झेडशेलमध्ये यासाठी इंटरअ‍ॅक्टिव्ह कमेंट्स हा पर्याय चालू करावा लागतो. एफझेडएफ हे यादीत झटपट शोधणारं साधन जोडलं तर हा शोध आणखी सोपा होतो. जी कमांड तुम्ही बदलून बदलून वापरता तिची स्क्रिप्ट करा आणि ती त्याच रेपोत ठेवा. लिनक्स आणि मॅक दोन्ही वापरत असाल तर नोंदीत तसं लिहाच: सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडचा ‘जागच्या जागी बदल’ हा पर्याय मॅकवर पुढे बॅकअपचं शेपूट मागतो, ते रिकामं असलं तरी द्यावं लागतं.

गुपितं आणि मालकी या दोन बाबतींत हयगय चालणार नाही. तुकडा रेपोत टाकण्यापूर्वी त्यातला पासवर्ड, टोकन, सर्व्हरचा पत्ता, ग्राहकाचं नाव आणि फोन काढून उघडपणे खोटी वाटतील अशी मूल्यं घाला. नंतर काढू म्हटलं तर गिटच्या इतिहासात ते राहतंच. टोकन एकदा कमिट झालं असेल तर फाइल पुसत बसण्याआधी ते टोकन रद्द करा. गिटलीक्ससारखं तपासणीचं साधन कमिटच्या आधी चालेल असं लावून ठेवा. गिटहबवर ‘सिक्रेट’ म्हणून ठेवलेलं गिस्ट (कोडचा तुकडा वाटण्याचं पान) खाजगी नसतं: ते शोधात दिसत नाही इतकंच, दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला ते उघडता येतं. नोकरीत लिहिलेला कोड सहसा कंपनीचा असतो, तो घरच्या रेपोत उचलून आणू नका. कल्पना समजून घ्या आणि स्वतःच्या उदाहरणासह पुन्हा लिहा. नोंद त्यामुळे अधिक स्वच्छही होते. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या आणि त्याच अटींवर वाटा’ या परवान्याखाली आहे, म्हणून दुवा जपणं हे सौजन्य तर आहेच, शिवाय अटही आहे.

संग्रहातून काढून टाकणं हेही काम आहे. भाषा पुढे जातात आणि आपले तुकडे पोटात घेतात. पायथनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा भाग काढायला अनेक जण एल-स्ट्रिप वापरत आणि फसत, कारण तो दिलेला शब्द काढत नाही, त्यातली अक्षरं सापडतील तोवर खात जातो. २०२० मधल्या ३.९ आवृत्तीत रिमूव्ह-प्रीफिक्स आलं आणि त्यासाठी जपलेला तुकडा निकाली निघाला. जावा ११ पासून पूर्ण फाइल एका रीड-स्ट्रिंगमध्ये वाचता येते. गो १.२१ मध्ये, २०२३ साली, स्लाइसेस हे पॅकेज आणि मिन-मॅक्स आले. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टची खोल प्रत काढायला जेसनमध्ये जाऊन परत येण्याची युक्ती होती, तिच्यात तारखांच्या स्ट्रिंग होतात आणि अनडिफाइंड गळून पडतं. आता स्ट्रक्चर्ड-क्लोन आहे. पायथनचं यूटीसी-नाऊ ३.१२ पासून वापरू नये असं ठरलंय. अशा नोंदी पुसून टाकण्यापेक्षा वर ‘आता हे वापरा’ अशी ओळ घाला. जुना कोड वाचताना ती उपयोगी पडते.

एआय सहायक क्षणात तुकडा लिहून देत असताना जपायचं कशाला, हा रास्त प्रश्न आहे. निव्वळ सांगाड्यांसाठी मीही आता काही जपत नाही. पण तुमच्या पॉवरशेलची आवृत्ती, तुमच्या डेटाबेसमधला ‘वऱ्हाड’, तुमच्या लेखा विभागाचं एक्सेल, हे त्याला ठाऊक नसतं. तपासलेली नोंद त्याच्यासमोर ठेवून ‘हेच गोमध्ये लिही, या चाचण्या पास व्हायला हव्यात’ असं सांगितलं तर उत्तराचा दर्जा स्पष्टपणे वाढतो. म्हणून इनपुट-आउटपुट जोडी नोंदीत हवीच. पायथनमध्ये ती डॉकटेस्टच्या, म्हणजे कोडच्या वर्णनातच लिहिलेल्या चाचणीच्या, रूपात लिहिली तर चालवूनही पाहता येते.

सुरुवात करताना जुनं सगळं गोळा करायला बसू नका. त्यात एक रविवार जातो आणि कचऱ्यासकट सगळं आत येतं. आज रिकामा रेपो करा. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा शोधावी लागली की त्याच वेळी, काम संपण्याआधी, तिची नोंद करा. नंतर केली तर एरर मेसेज हातातून गेलेला असतो. दुसऱ्या भाषेत तेच काम आलं तर नवी फाइल न करता जुन्या फाइलीतच खाली भर घाला. टीमसाठी हवं असेल तर त्याचा रेपो वेगळा ठेवा आणि त्यात नोंद घेताना सहकाऱ्याने ती एकदा स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिली पाहिजे एवढा एकच नियम लावा.